मामंजींच्या काळजाचा चुकार ठोका

माझे सासरे दर आठ-पंधरा दिवसांनी मरायचे. थट्टा करत नाही मी. शेणानं जमीन सारवून, वर घोंगडी टाकून, तोंडात तुळशीचं पान ठेवून रीतसर मरायचे, आणि तासाभरानं उठून भाकरी मागायचे. सारवायचं काम माझं, भाकरी थापायचंही माझंच. तेव्हा या विषयावर बोलायचा हक्क माझ्याइतका दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही.

ही एकोणीसशे विसाच्या सालानंतरची गोष्ट. आमचं गाव मुळा नदीच्या काठी, पौडाच्या वरच्या अंगाला. आता ते पाण्याखाली आहे. तेव्हा खाली धरणाची भिंत चढत होती. भांडणं झाली, माणसं तुरुंगात जाऊन आली, पुण्याचे लोक येऊन भाषणं करून गेले, आणि भिंत आपली वाढतच राहिली. मी त्या घरात नवीन होते. माझा बाप शाळामास्तर. त्यानं मला चौथीपर्यंत शिकवलं, जीभ आवरायला तेवढं शिकवायचं राहिलं. सासरी आम्ही तिघंच. मी, नवरा आणि मामंजी. सासू माझ्या लग्नाआधी चार वर्षं गेलेली, मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही.

तिला नदी पायी ओलांडायच्या उताराजवळ, करंजाच्या झाडाखाली जाळलं होतं. गावाचं मसणवट तेच. मामंजींचं आयुष्यात एकच मागणं उरलं होतं, की मलाही तिथंच जाळा. आणि ती जागा धरणात सगळ्यात आधी बुडणार होती. म्हणजे पाणी यायच्या आत मरायला हवं. बाकी गावाला घराचा घोर, भातखाचरांचा घोर; आमच्या मामंजींना घोर हा, की आपण वेळेत मरतोय की नाही. साठीचा गडी, दात सगळे शाबूत, दोन भाकरी संपवून तिसरीकडे डोळा. मरायचं एक लक्षण अंगावर दिसेल तर शपथ.

मग एके दिवशी सकाळी त्यांच्या काळजाचा ठोका चुकला. ते अंगणात दावं वळत बसले होते. मी ओटीवर तांदूळ पाखडत होते. खालच्या आळीतून कुणीतरी सांगत आलं, की मोजणीवाले परत आलेत, मसणवटाच्या अंगानं खुणेचे दगड पुरतायत. मामंजी दावं वळतच राहिले. थोड्या वेळानं हातातलं दावं गळालं, पंजा छातीवर गेला आणि म्हातारा लग्न ठरल्यागत खुलला.

"चुकला!" ते ओरडले.

"काय चुकलं, मामंजी?"

"ठोका चुकला गं सूनबाई! धड धड चाललं व्हतं, मदीच गप झालं, आन मंग आतनं एक दनका दिला. बलाव त्याला. घटका भरली माझी!"

सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायची रीत नव्हती, तेव्हा मी पदर सावरून नुसती नाचले. नवरा खाचरातून चिखलाच्या पायांनी धावत आला आणि बापाच्या छातीला कान लावून बसला. मी विचारलं, "काय हाय?" तर म्हणाला, "हाय खरं. चार ठोके नीट, मंग एक गिळतोय, आन पुढचा दोघांचा मिळून देतोय." त्याचा चेहरा पांढरा पडला. आमच्याकडे मरणाऱ्या माणसाला बाजेवर मरू देत नाहीत, जमिनीवर घेतात. मी शेण कालवलं, घाईघाईनं पट्टा सारवला, घोंगडी टाकली, आणि नवऱ्यानं मामंजींना खाली घेतलं. आळी गोळा झाली. बायकांनी गळे काढायची तयारी केली. मामंजी हात जोडून, डोळे मिटून इतके शांत पडले होते, की मला खरंच रडू आलं.

तास गेला. गळ्याशी आलेली बायांची रडणी तिथंच सुकली. मामंजींनी एक डोळा उघडला, आढ्याकडे पाहिलं, आपण अजून घरातच आहोत हे ओळखून खट्टू झाले आणि म्हणाले, "कालवन काय केलंय?"

तिथून सुरू झालं. आज चुकला, परवा चुकला, कधी दिवसाला दहा वेळा. मला सारवून सारवून हाताला भेगा पडल्या. नणंद तिच्या सासरहून, खालच्या चांदे गावाहून, दोनदा ऊर बडवत आली आणि दोन्ही वेळेला जेवून गेली. तिसऱ्या वेळी तिनं निरोप्याला विचारलं म्हणे, "नक्की का?" मामंजी मात्र जोमात. त्यांनी शेतातलं आंब्याचं झाड स्वतः उभं राहून तोडून घेतलं, तेही बुडणारच होतं म्हणा, आणि त्याच्या फोडी करून स्वतःच्या सरणाची लाकडं परड्यात रचून ठेवली. छान सुकी, सरळ, हाताला गुळगुळीत. आणि माझ्या चुलीत काय? ओल्या काटक्या! डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागायच्या. मी मेलीनं सासऱ्याच्या सरणातलं लाकूड चोरलं, आता सांगायला कसली भीती. एकदा नाही, बऱ्याचदा. पिठलं काय सुरेख शिजायचं त्याच्यावर.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. ठोका आपला असातसा चुकत नव्हता. कुणाची गाडी सामान भरून गाव सोडून निघाली, की चुकायचा. भिंत आणखी पुरुषभर चढली असं कळलं, की चुकायचा. भातलावणीत दिवसभर कमरेत वाकून असले की नाव नाही, आणि संध्याकाळी अंगणात एकटे नदीकडे तोंड करून बसले की झाला सुरू. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू का वैद्य हायेस?" मी म्हटलं, "वैद्य न्हाई, पन सारवते मी, तुमी न्हाई."

माझ्या बाजूचा निघाला एकटा धनगर. मामंजींचा जुना दोस्त, वरच्या पठारावर मेंढरं राखायचा. तिथं पाणी पोचणार नव्हतं, त्यामुळे निवांत. तो एकदा ऐन मरणाच्या वेळी आला. मामंजी खाली घेतलेले, आळी जमलेली. हा सरळ त्यांच्या उशाशी फतकल मारून बसला, मनगट धरलं, मान डोलवली आणि हसायलाच लागला.

"आरं, ह्यो मरत न्हाई. भ्यालाय! कळपात वाघरू येऊन गेलं ना, की वाचल्याली मेंढी अशीच करती. तिला पोटाशी धरली की आत काळीज निस्तं उड्या मारतंय, मदीच थांबतंय, परत उड्या मारतंय. धा धा दिस चालतंय तिचं. चारा खाती, पानी पिती, मरत बिरत न्हाई. खाऱ्या मिठाचा खडा चाटवायचा आन कळपात सोडायची."

मामंजी ताडकन उठून बसले. "मी मेंढी हाय व्हय रं?"

"मेंढी बरी. ती येवढं सरपन जमा करीत न्हाई."

लोक हसले. मामंजींनी त्या दोस्ताशी महिनाभर बोलणं टाकलं. मरण्याची थट्टा केलेली त्यांनी सोसली असती, पण मरत नाही म्हटलेलं त्यांच्या जिव्हारी लागलं.

शेवटी नवऱ्यानं गाडी जुंपली आणि आम्ही त्यांना पौडाला दवाखान्यात नेलं. मी हट्टानं बरोबर गेले. मामंजींनी धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला. नवरदेव दिसत होते. डॉक्टर तरुण होता. त्यानं रबराची नळी कानात घालून पुढून ऐकलं, पाठीवरून ऐकलं, पायांवर सूज आहे का ते दाबून पाहिलं, चढ चढताना दम लागतो का, चक्कर येते का, हे सगळं विचारलं. मामंजींनी प्रत्येकाला नाही म्हणताना खाली मान घातली, नापास पोरासारखी. मग त्यानं विचारलं, "झोप येते का?" तर मामंजी पटका चाचपायला लागले. मी दारातून म्हटलं, "बाजेवर बसून असत्यात मध्यरातीपासनं."

डॉक्टर हसला. म्हणाला, "बाबा, तुमचं काळीज एकदम ठणठणीत आहे. काळजी केली, झोप मोडली, वर तंबाखू असली, की ठोका असा मागेपुढे होतो. एक लवकर पडतो, मग जरा थांबून पुढचा जोरात पडतो, म्हणून तुम्हाला दणका वाटतो. त्यानं काही होत नाही. कसली एवढी काळजी करता? अजून दहा-पंधरा वर्षं तुम्हाला मरण नाही."

मामंजी त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि साठीचा तो माणूस दवाखान्याच्या बाकावर हमसून हमसून रडायला लागला. बिचारा डॉक्टर! इतकी चांगली बातमी ऐकून रडणारा रोगी त्याला पहिलाच भेटला असावा. त्यानं पाणी आणवलं. नवऱ्याला वाटलं आनंदानं रडतायत. त्यानं बाजारातून गोडी शेव घेतली, आणि येताना गाडीत आम्ही दोघं शेव खात होतो, तोंडाला पदर लावून मी हसतही होते, कारण मला दिसत होतं ना, आता माझं सारवणं सुटलं. मामंजी पाठमोरे बसून सगळी वाट रडले. काळीज चांगलं आहे आणि काळजी आहे, अशा दोन गोष्टी डॉक्टरनं सांगितल्या होत्या. आम्ही पहिली तेवढी घरी आणली.

त्यानंतर कुणी त्यांना जमिनीवर घेतलं नाही. ते म्हणायचे, "चुकला गं." मी चुलीपुढून म्हणायची, "चुकू द्या. यील माघारी. डाक्टर म्हनलाय." हळूहळू त्यांनी सांगणंच सोडलं. बोलता बोलता मध्येच थांबायचे, हात छातीकडे जायचा, आणि मी पाहते आहे असं दिसलं की मिशी खाजवायचे.

पाणी आलं. पूर आल्यासारखं धडधडत नाही यायचं. आज या बांधापर्यंत, चार दिवसांनी त्या बांधापर्यंत, कुणी सांडून पुसायला विसरल्यागत. आम्हाला उरवड्याच्या अंगाला नवऱ्याच्या मामाच्या आधारानं थोडी जागा मिळाली होती, तिकडे जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी नवरा गाड्या भरत होता. मी जात्याची वरची तळी उचलून दारापर्यंत आणली आणि तिथंच माझ्या छातीत काहीतरी थांबलं. नुसतं थांबलं. मी श्वास धरून वाट बघतेय, आणि मग आतून असा धक्का, की तळी हातातून सुटली. परत थांबलं. मासा उलटा फिरावा तसं छातीत काहीतरी फिरलं. हातापायांना घाम सुटला. मी उंबऱ्यावर बसले आणि मनात म्हटलं, संपलं, अगं बाई, मी चालले, अजून पोटी पोरसुद्धा नाही.

मामंजी अंगणातून आले. दोन हात अंतर राखून ओटीवर बसले.

"चुकला का?"

 मी मान हलवली.

"बस हितंच. लांब श्वास घे. सोड. आनी एक घे. त्याच्याकडं ध्यान दिऊ नगं, ध्यान दिलं की मेलं जास्तच माजतंय. मरत न्हाई कुनी त्यानं. मी लई येळा मरून बघितलंय."

मी रडता रडता हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "आपल्याला वाटतं आता संपलं. आन ते परत सुरू व्हतंय. हेच तर वंगाळ हाय."

मी किती सारवलं, किती कुरकुरले, दवाखान्यातून येताना कशी हसले, ते सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. त्या एका सकाळी मला सासरा आवडला, बापापेक्षा जास्त आवडला. छातीतलं ते हळूहळू बसलं. मग मामंजी उठले, परड्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "ती लाकडं गाडीत मावायची न्हाईत. सैपाक कर त्याच्यावर. आळीला जेवू घाल जाताना. आन चोरू नगं, समदीच घे." म्हणजे म्हाताऱ्याला ठाऊक होतं सगळं! मी मोठ्या पातेल्यात डाळभात केला. मामंजी जेवले, मग एकटेच उतारापर्यंत जाऊन आले, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. गाडीत बसले आणि एकदाही मागे वळले नाहीत.

उरवड्याला त्यांचा ठोका चुकायचा पार बंद झाला. आता कशाची घाई? जे वेळेत गाठायचं होतं ते गेलंच होतं. नवरा मधूनमधून कान लावून बघायचा आणि खूश होऊन सांगायचा, की घड्याळासारखं चाललंय. खरंच चालायचं. पण माणूस निम्मा झाला होता. तिसरी भाकरी सुटली, मग दुसरी सुटली. शेजारी विचारायचे, "बरं हाय का?" तर म्हणायचे, "काय धाड भरलीय? चाललंय." मला मुलगी झाली, तिला मांडीवर घेऊन बसायचे, एवढाच काय तो विरंगुळा.

दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात, चैत्र उलटल्यावर, तो धनगर दोस्त मेंढरं घेऊन खाली आला आणि ओटीवर टेकता टेकता म्हणाला, "पानी लई खाली गेलंय आवंदा. उताराची दगडं उघडी पडल्यात. करंजाचं खोड बी दिसतंय."

मामंजींचा हात छातीकडे गेला. मी पाहिलं. दोन वर्षांनी गेला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे. मी राबाची कवळं, म्हणजे पाल्याचे भारे, बांधत होते. आमच्याकडे पावसाआधी भाताचं रोप टाकायला जमीन भाजावी लागते, पालापाचोळा पसरून, आणि ते काम चुकलं तर वर्ष चुकलं. मुलगी पाठीशी किरकिरत होती. ते म्हणाले, "सूनबाई, त्याला सांग गाडी जुंपायला. दोन दिसाचं काम. मी काय मराया जात न्हाई तितं, भिऊ नगं. निस्तं बघून येतो. तुज्या सासूला पान्याचं लई भ्या व्हतं गं. चाळीस वर्सं भांडली माझ्याशी, कदी नीट बोलली न्हाई. पन उतार वलांडताना हात धरायची. पार पल्याड जाईस्तवर सोडायची न्हाई. वर येवढं पानी चढलंय, आन ती खाली येकलीच."

बोलताना ते मध्येच थांबले. मी ओळखलं, ठोका चुकला. आणि मला, देवा, मला राग आला. म्हटलं, आलं का परत हे नाटक. राब भाजायचा राहिलाय, पोर तापलीय, आणि यांना आत्ताच गाडी हवी. मी म्हटलं, "मामंजी, निस्ती काळजी हाय ती. डाक्टर काय म्हनला व्हता? पुढल्या उन्हाळ्यात जाऊ. दगडं कुटं पळून जात्यात?"

"बरं," ते म्हणाले. लगेच म्हणाले. आणि बसून माझ्याबरोबर कवळं बांधायला लागले.

त्या वर्षी भाद्रपदात, भरल्या पावसात, दुपारी जेवून भिंतीला टेकून बसले होते. मुलगी मांडीवर झोपली होती. तिला उचलायला मी वाकले तेव्हा कळलं. चुकला असं त्यांनी सांगितलंही नाही. इकडच्या ओढ्याकाठी, कुणाकुणाकडून मागून आणलेल्या ओल्या लाकडांवर त्यांना जाळलं. नीट पेटेनात. नवरा धुरात उभा राहून खोकत होता.

पुढल्या उन्हाळ्यात मी म्हटलं, गाडी जुंपा. नवऱ्यानं कारण विचारलं नाही. पाणी खाली गेलेलं होतं. गाळ सुकून भेगाळला होता आणि त्यात ते करंजाचं काळं खोड उभं होतं. नवरा बैल सोडायला थांबला. मी एकटी उतरले. पायाखालचा गाळ वरून वाळलेला, आत मऊ. माझ्या छातीत चार ठोके पडले आणि एक पडला नाही. मी पदर डोक्यावरून नीट घेतला. न पाहिलेल्या सासूसमोर पहिल्यांदाच उभी राहिले होते ना. तिला म्हटलं, "आत्या, ते यायचे व्हते तुमच्याकडं. गेल्या साली इथवर पानी उतरलं व्हतं. ते तयार व्हते, मीच आनलं न्हाई."